त्रेसष्ट नंबरचा तारा

प्रिय हट्टीबाई,

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही सगळे धडधाकट आहोत. फोनवर तू मला तीन वाक्यांच्या पुढे बोलू देत नाहीस, म्हणून कागद घेतला. आमचे हे निवृत्त झाल्यापासून घरातल्या एकाही कपाटाला सुख नाही. परवा त्यांनी माळा उपसला आणि माझ्या जुन्या वह्यांचा गठ्ठा जेवणाच्या टेबलावर आणून आदळला. ठेवायच्या की रद्दीत, एवढंच त्यांना विचारायचं होतं. दोन दिवस झाले, मी त्यातच बसले आहे आणि आम्ही ओट्यापाशी उभे राहून जेवतो आहोत.

आपली ती बिनखिडकीची खोली आठवते? टेबल एक, खुर्च्या दोन, आणि हीटर कायम तुझ्याच पायाशी. आपल्या तारकागुच्छात दीडशे तारे होते, सगळे चार कोटी वर्षांपूर्वी एकाच ढगातून जन्मलेले. माझं काम त्यांचे वेग मोजायचं. ज्याचा वेग बाकीच्यांशी जुळला तो घरचा, नाही जुळला तो वाटेवरचा उपरा. घरच्यांपैकी कोणाभोवती अजून धुळीची तबकडी फिरते आहे, जिच्यातून पुढे ग्रह होतात, ते शोधायचं काम तुझं. चार कोटी वर्षांच्या ताऱ्याभोवती तबकडी उरत नाही, असं सगळे म्हणत होते. तुला त्रेसष्ट नंबरभोवती ती सापडली. आठवडाभर तुझे पाय जमिनीवर नव्हते, आणि त्याच आठवड्यात मी त्रेसष्टवर लाल पेन्सिलीने काट मारली. वेग जुळत नव्हता. कुठलातरी तरुण तारा मध्येच कडमडला आहे, असं मी ठरवून टाकलं.

तू म्हणालीस, "अगं, ती जोडी असेल. दोघं एकमेकांभोवती फिरतात म्हणून वेग बदलतो. पुन्हा मोज ना." मी म्हणाले, आता पुन्हा मोजायला वेळ नाही. आपल्या मार्गदर्शक सरांनी माझ्या बाजूने मान डोलावली. तुझ्या प्रबंधातलं अख्खं प्रकरण कोसळलं आणि चार महिन्यांनी तू वडिलांच्या चष्म्याच्या दुकानात जाऊन बसलीस. मला दुकानच आवडतं, हे तू इतक्या वेळा सांगितलंस की मी ते सोयीने खरं मानलं.

तसं ते खरंही असावं. दोन वर्षांपूर्वी मी चष्म्याला आले होते, तेव्हा तुझ्या सासूबाई एकामागून एक फ्रेम लावून आरशात बघत होत्या आणि तू त्यांना प्रत्येक फ्रेमवर चिडवत होतीस. इतकी खूश तू त्या खोलीत कधीच नव्हतीस. माझ्या एकाच डोळ्याचा नंबर तू तीनदा काढलास. मी वैतागले तर म्हणालीस, "एकदा मोजून मी कोणाला चष्मा देत नाही." तू सहज बोललीस, मला मात्र बसमध्ये त्रेसष्ट आठवला. दुसऱ्याच दिवशी मी त्रेसष्टसाठी दुर्बिणीची वेळ मागितली.

आजवर तो नऊ वेळा मोजला. वेग वर जातो, खाली येतो, आणि सरासरी काढली की गुच्छाच्या वेगाशी तंतोतंत जुळते. जोडी आहे, घरचीच आहे, तबकडीसकट. तुझंच बरोबर होतं. शोधनिबंध लिहून तयार आहे. पहिलं नाव तुझं, दुसरं माझं. तुझी सही झाली की धाडायचा. हे सांगायला मी उड्या मारत फोन करणार होते, एवढ्यात या वह्या खाली आल्या.

वहीत त्रेसष्टचा आणखी एक वेग लिहिलेला आहे, पहिल्यापेक्षा कितीतरी वेगळा. शेजारी माझ्याच अक्षरात शेरा आहे, "आकाश ढगाळ, वगळावे." तारीख, तू पुन्हा मोज म्हणालीस त्याच्या आदल्या दिवसाची. म्हणजे मी पुन्हा मोजला होता, वेग बदललेला बघितला होता, आणि तुला सांगितलं नाही. माझा प्रबंध वेळेत द्यायचा होता, एवढंच कारण. ढगांचं म्हणशील तर त्याच पानावरचे, त्याच रात्रीचे बाकी अकरा तारे मी ठेवून घेतले आहेत. हे माहीत नसताना तू माझ्या नावाशेजारी सही करू नयेस, म्हणून हे पत्र. शनिवारी दुकानात येते, निबंध आणि ते पान दोन्ही घेऊन. आधी डोळे तपास, नंबर खरंच वाढला आहे. मग सही कर, नाहीतर माझं नाव खोडून टाक. लाल पेन्सिल मी बरोबर आणते आहे.

तुझीच,
हीटर न मिळालेली