दोन कुंड्या चाइव्ह्ज

प्रिय सूनबाई,

त्या दिवशी फोनवर तू विचारलंस, "बाबा, मास्तरांना काय सांगू?" आणि मी म्हणालो, "थांब, चाइव्ह्जला पाणी घालायचं राहिलंय." फोन ठेवूनच दिला. राग आला असेल. येऊ दे. तू नोकरी करतेस त्या शाळेतल्या गणिताच्या मास्तरांनी तुला लग्नाचं विचारलं आणि तू उत्तर माझ्यावर सोपवलंस. सलूनमध्ये जन्मभर गिऱ्हाइकांशी वटवट केली, पण माझा लेक देवाघरी गेल्यापासून कामाचं बोलणं तेवढं जमत नाही.

म्हणून चाइव्ह्जचंच सांगतो. नोकरीसाठी बाहेरगावी निघालीस तेव्हा ते काळं बी माझ्या हातावर ठेवलंस. "कांद्याच्या पातीची धाकटी बहीण आहे, बाबा. जपा." पसरट कुंडीत पेरलं, वर चिमूटभर माती भुरभुरली. कितीतरी दिवस ढिम्म. मग केसांच्या आकड्यासारखे वाकलेले हिरवे दोरे वर आले, डोकं अजून मातीतच. सरळ झाले तर ज्याच्या-त्याच्या टोकावर बियाचं काळं टोपरं! तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "सलूनमधले केस झाडून आणून पेरलेत की काय?" माझे हात शिवशिवत होते, पण मुळं धरेपर्यंत कात्री लावली नाही. मग दोन बोटं ठेवून कापू लागलो. जितकं कापावं तितकं दाट! इतकं गुणी डोकं माझ्या हाताखाली कधी आलं नव्हतं.

यंदा मात्र पात बारीक पडली. कुंडी गच्च झालेली, घातलेलं पाणी वरच्यावर वाहून जायचं. तुझा फोन ठेवला आणि कुंडी उपडी केली. गड्डा दोन्ही हातांनी मधोमध फाडला. मुळं चरचरली. सासूबाई दारात उभ्या होत्या. मी काय करतोय ते त्यांना कळलं होतं. आत गेल्या आणि रिकामी कुंडी आणून माझ्या पुढ्यात ठेवली.

दोन्ही गड्डे माना टाकून बसले. म्हटलं, हे तगल्याशिवाय पोरीला लिहायचं नाही, म्हणून उशीर. आज सकाळी दोन्हींत नवी पात दिसली. मूळची कुठली आणि वेगळी काढलेली कुठली, ते आता मलाही सांगता येत नाही.

एक कुंडी तुझ्या नव्या घरासाठी. न्यायला दोघं या. मास्तरांचे केस कानांवर आलेत असं मागे म्हणाली होतीस. वाटेत कुठे कापू देऊ नकोस. जावयाच्या डोक्याला कात्री माझीच लागेल.

तुझाच,
बाबा