पाळण्यातल्या फळ्या

केटेल,

लेव्केला घेऊन मी शेजारच्या टेकाडावर तुझ्या आईकडे जाते आहे. उद्या दुपारच्या भरतीला घरांची टेकाडं सोडून सगळं बेट पाण्याखाली जाणार आणि पाणी दारांपर्यंत चढेल, असं रेडिओवर सांगितलं. म्हणून पाणी अडवायला दाराच्या खाचेत बसवायच्या चार फळ्या काढायला कोठीत गेले, तर तिथे एकही नाही. मग लेव्केची चादर बदलताना तिच्या पाळण्याच्या तळाशी तुझ्या आजोबांनी फळीवर कोरलेला तीनचा आकडा दिसला.

आणि मी तीन महिने येईल त्याला तू केलेला तो पाळणा कौतुकानं दाखवत होते.

नवीन दार घट्ट बसतं, आता फळ्या कशाला, हे तुझं तूच ठरवलंस. मला विचारलं नाहीस. म्हातारा नाहमेन काल म्हणाला, "दार देखणं आहे गं, पाणीसुद्धा पाय पुसून आत येईल." मी वेडी हसले.

एका हातानं दूध पाजत लिहिते आहे, अक्षर लावून वाच.

पाळणा मी खोलला. एक आणि दोन नंबरच्या फळ्या खाचेत बसवल्या आहेत. तीन आणि चार तू आखूड कापल्यास, त्यांच्या जागी नव्या तूच कर. संध्याकाळच्या बोटीनं उतरलास की आधी तेच. सूप चुलीवर आहे. मेंढ्या मी कुरणातून वर टेकाडावर आणल्या.

आज लेव्के तुझ्या आईच्या कपड्यांच्या टोपलीत झोपेल. पाळणा खरंच सुंदर होता, म्हणून राग जास्त आलाय.

आईच्या खिडकीतून आपलं दार दिसतं. सकाळी उजाडलं की मी फळ्या मोजेन. तीनच दिसल्या, तर आम्ही तिथेच राहू.

तोम्मा