ताई, कांड्या झाल्या

प्रिय शैलाताई,

आज दुपारी प्रयोगशाळेत तुझ्या पद्धतीनं सोन्याच्या कांड्या झाल्या. सगळ्यात आधी तुला सांगायचं होतं, म्हणून लिहितेय.

काविळीनं तू गेलीस आणि सरांनी तुझा प्रयोग माझ्याकडं दिला. सोन्याचे डोळ्यांना न दिसणारे कण. पण गोल नकोत, कांडीसारखे लांबट हवेत, हे तूच मला किती वेळा बजावलं होतंस. तुझ्या वहीतलं प्रमाण थेंबाथेंबानं पाळलं. तरी द्रावण दरवेळी लाल. म्हणजे कण गोलच. एकवीस वेळा केलं, ताई.

मग सर म्हणाले, "तिचे निकाल खरे होते ना? नसतील तर छापलेला लेख मागं घ्यावा लागेल."

उस्मानपुऱ्यातल्या एका खोलीत तीन वर्षं तुझ्यासोबत राहिलेली मी. मलाही वाटलं, केलं असशील काहीतरी. कसं वाटलं मला असं?

त्याच आठवड्यात तुझे वडील पिशोरहून तुझं सामान न्यायला आले. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. "बाई, माझ्या पोरीनं खोटं लिव्हलं व्हय?"

"बघते, काका," एवढंच म्हणाले. नाही म्हणायला जीभ रेटली नाही. ते पाणीही न घेता गेले.

काल कपाट आवरताना तुझ्या अक्षरातली चिठ्ठी असलेली जुनी बाटली सापडली. कणांना आकार धरायला लावणारी ती साबणासारखी पूड. मी वापरत होते ती नवीन, दुसरीकडून मागवलेली. जुनी जेमतेम एका वेळेपुरती उरली होती. बिघडलं असतं तर तुझ्या बाजूनं बोलायला काहीच राहिलं नसतं. वजन दोनदा तपासलं, मगच ती द्रावणात घातली.

अर्ध्या तासानं रंग चढला. लाल नाही, मातकट निळा. प्रकाश-शोषणाच्या आलेखात कांड्यांची खूण असलेली दोन शिखरं, तुझ्या वहीतल्यासारखीच. नव्या पुडीतलीच कसलीतरी भेसळ कांड्या होऊ देत नसणार. सरांनी आलेख तुझ्या वहीतल्याशी ताडून पाहिला. "लेख राहू दे," म्हणाले.

पण पूड कुठली, एवढं वहीत लिहायला काय झालं होतं तुला? सांगायला तू असशीलच, असं वाटलं असेल ना?

रविवारी पिशोरला जाते. तुझं सगळं खरं होतं, हे काकांना सांगेन. आणि मी तुझ्यावर संशय घेतला, हेही. ते लपवणार नाही.

तुझी,
अश्विनी