अर्ध्यावर सोडलेलं जहाज

बेलफास्ट, विलायत
ता. १० फेब्रुवारी १९६१

धनसिंग भिया अन् भुरी भोजाईले देवीलालचा रामराम. बा-याडीच्या पाया पडतो. मी खुशाल आहे. थंडी मात्र हाडात शिरते. हे पत्र माह्या हातचं आहे, नौदलात लिवायले शिकलो; या खेपेले कोणाकडून लिवून नाही घेतलं. काहून, ते खाली समजंल.

ज्या जहाजाचे बॉयलर मी सांभाळतो, त्याचं नाव पुढच्या महिन्यात विक्रांत होणार. विमानं वाहणारं आपल्या देशाचं पहिलंच जहाज. इंग्रजानं ते मोठ्या लढाईत घाईघाईनं बांधायले घेतलं. मालाच्या जहाजासारखं साधं अंग ठेवलं, का लवकर उरकावं. पाण्यात उतरलं, तवर लढाईच संपली. काम तिथंच थांबलं. दहाच्या वर वर्सं ते तसंच अर्धवट, धक्क्याले बांधून होतं, मग आपल्या सरकारनं घेतलं. आता वीसेक विमानं राहतील. आमच्या बॉयलरची वाफ विमानाले गोफणीतल्या दगडासारखं फेकंल. परवा विमानाच्या जागी चाकाचा जड गाडा फेकून पाह्यला, पार दूर समुद्रात जाऊन पडला!

इथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीले मी म्हटलं, "बुढ्ढं झालं नाही का हे?"

तो म्हणे, "जहाजाले काय झालं? सोडून तर आम्ही गेलतो."

त्या दिवशी मले जेवण गेलं नाही.

भिया, तुझं पत्र भेटलं. माह्यासंगं सगाई झालेल्या सोनीच्या बापानं होळीपर्यंत मुदत देली, नाहीतर पोरगी दुसरीकडं देईन म्हणतो. अन् तांड्यातल्या बाया म्हणतात, पोरीचा पायगुणच खराब, सगाईचा गूळ खाल्ला अन् तिसऱ्या दिवशी नवरदेवाले सरकारचं बोलावणं आलं.

बोलावणं आलंच नव्हतं. मी दाखवला तो कागद कापसाच्या वजनाची पावती होती. तवा तांड्यात वाचणारा तू एकटा, अन् त्या दिवशी तू नेरच्या बाजारात गेलता. मले तांड्यात करमत नव्हतं, बस. नौदलात भरती मी मुंबईले जाऊन आपणहून झालो. सोनीत काही खोट नव्हती. चार वर्सं माह्या खोट्याचे टोमणे तिनं खाल्ले.

भोजाई, ती तुमची सख्खी बहीण. राग येईल, पण पत्र चुलीत टाकू नका.

भिया, होळीच्या आधी नायक, पंच अन् त्या साऱ्या बायांना बसवून हे मोठ्यानं वाच. एक अक्षर गाळू नको. बा मान खाली घालंल, घालू दे.

मग सोनीले विचारा. तिच्या बापाले नाही, तिले. थांबते म्हणाली, तर दिवाळीच्या सुमारास जहाज मुंबईले लागंल, पहिल्याच सुट्टीत येतो. नाही म्हणाली, तर तिचं लग्न थाटानं करा, मले कळवू बी नका.

साऱ्या तांड्यासमोर खोटा ठरायले तयार असलेला
तुमचा लहान भाऊ
देवीलाल