रानाला ‘येतो’ म्हणू नये

३ डिसेंबर १९५२
अखेर चौकीवर पोचलो! कोल्हापुरात मंगळवार पेठेच्या बोळांत वाढलेला हा नृसिंह आजपासून जंगलाचा शिकाऊ राखणदार. तीन महिने जुने राखणदार आकाराममामा यांच्या हाताखाली रानात हिंडायचं. त्यांनी बरा शेरा दिला की नोकरी कायम, आणि मग धाकट्या नंदिनीच्या लग्नाचं बघता येईल. सकाळी घाईत आईला ‘जातो’ म्हणालो, तर तिनं हात धरून उंबऱ्यात परत आणलं आणि ‘येतो’ म्हणायला लावलं. मामांनी भाकरी आणि खरडा वाढला. डोळ्यांतून पाणी आलं, तरी पोट फुटेस्तोवर जेवलो.

६ डिसेंबर
सांबराचा खूर कुठला, गव्याचा कुठला, हे शिकतोय. शेण हाताला ऊन लागलं की मुकाट मागं फिरायचं. मामा मन लावून शिकवतात, पण माणूस विचित्र. फिरती संपली की हद्दीच्या दगडाशी रानाकडे वळून मोठ्यानं म्हणतात, ‘जातो.’ मला हसू आलं, त्यांना नाही. म्हणाले, “रानाला येतो म्हणायचं न्हाय, पावणं. येतो म्हटलं की यावं लागतंय.” अडला हरी! मीही ‘जातो’ म्हणालो.

११ डिसेंबर
इथं कुठेतरी पाणी मुरतंय. खालच्या झऱ्याकडे मामा मला फिरकू देत नाहीत. खुंटीवर एक खाकी कोट आहे. दूध घालणाऱ्या तानाबाई म्हणाल्या, तो कृष्णातचा, माझ्या आधीच्या शिकाऊचा. गडहिंग्लजचा पोरगा. इथून निघाला तो घरी पोचलाच नाही. भाऊ शोधत येऊन गेला. मामांना विचारलं तर ‘गेला’ एवढंच. मला वाटतं, मामा झऱ्याकडची झाडं चोरून विकतात आणि कृष्णातनं ते पाहिलं असणार.

१३ डिसेंबर
मामा कचेरीत गेले होते. भर दुपारी झऱ्यावर गेलो. एक झाड तोडलेलं नाही. फक्त चपलांचा एक जोड होता, देवळाबाहेर काढावा तसा नीट, टाचा माझ्याकडे आणि तोंडं रानाकडे. म्हाताऱ्यावर उगाच संशय घेतला म्हणून लाज वाटली. परत फिरताना आईची शिकवण जिभेवर आपसूक आली, ‘येतो.’
मागून कुणीतरी म्हणालं, “या.”
वळलो. कुणी नव्हतं.

१४ डिसेंबर
मामांना सांगितलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, “कृष्णात बी येतोच म्हणाला हुता. तुमी उद्याच्या उद्या घर गाठा.” म्हणजे मला हाकलायचंच आहे. झाडीत लपून ‘या’ म्हणणारे हेच नसतील कशावरून? मी हलणार नाही. नंदिनीचं लग्न यांच्या भुतांपायी मोडू?

१६ डिसेंबर
संध्याकाळी हद्दीच्या दगडाशी होतो. मामा शेजारीच. रानातून आवाज आला, “येतो म्हटलासा न्हवं?” मामांचे ओठ मिटलेले होते. त्यांनीही ऐकलं. मला भीती वाटते. नोकरी गेली खड्ड्यात, उद्या निघतो.

१७ डिसेंबर
मामा बैलगाडी आणायला गावात गेलेत. बजावून गेलेत, कुणीही हाक मारली तरी ओ द्यायची नाही. कडी घातली आहे. चपला बाहेरच राहिल्या. फटीतून पाहिलं— टाचा दाराकडे. मी अशा काढल्या नव्हत्या.

दिवस मावळतोय. गाडीचा आवाज नाही—

कुणीतरी बोलतंय. आईचा आवाज. आई कोल्हापुरात आहे. आई इथं कशी—

म्हणते, येतो म्हणून गेलास ना रे. किती वाट बघू. ये.

ओ देणार नाही. तोंडावर हात धरलाय. पण आईनं बोलावलं की लहानपणापासून ही जीभ—

‘आलो’ म्हटलं गेलं. कडी माझ्याच हातानं—