नातेवाईक धरले जाणार नाहीत

तीर्थरूप मामांस,

भाचीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो, की अजून लिफ्टच्या मर्जीवर आहे, ते कळवा. मामींना सांगा, त्यांनी माझ्यासाठी विणलेला स्वेटर आईला अगदी माप घेतल्यासारखा बसला आणि ती तो परत द्यायला तयार नाही. बाकी इकडे सगळे बरे आहेत. बाबा थोडे कमी बरे आहेत, कारण हल्ली माझा स्पीकर तेच उचलतात.

तुम्ही मागे फोनवर विचारलं होतं, की विद्यापीठात नृत्य शिकणाऱ्या मुलांना नाचायला मिळतं तरी कुठे. (तुमच्या आवाजात काळजी होती. मागून मामी काहीतरी म्हणाल्या, त्यात नव्हती.) तर मिळतं. संधी भरपूर आहेत, फक्त त्या आपल्या आपण शोधायच्या असतात. शेवटच्या वर्षाला प्रत्येकाने एक जाहीर कार्यक्रम करायचा, जागा स्वतः मिळवायची, प्रेक्षक स्वतः जमवायचे आणि त्यातले किमान वीस जण शेवटपर्यंत बसलेले दिसले पाहिजेत. नातेवाईक धरले जाणार नाहीत. हे शेवटचं कलम विभागप्रमुख बाईंनी एका जुन्या विद्यार्थिनीमुळे घातलं. तिचं सगळं गणगोत पहिल्या तीन रांगांत होतं, आणि प्रत्येक गिरकीनंतर तिचे आजोबा उठून मागच्या लोकांकडे बघत होते, जणू गिरकी त्यांनीच घेतली. बाईंचं म्हणणं, घरच्यांनी वाहवा केली म्हणून कोणाची खाणावळ चालत नाही. डोकी मोजायला आणि प्रत्येकाला ‘तुम्ही हिचे कोण?’ असं विचारायला एक निरीक्षक सर येतात. स्वभावाने गरीब माणूस, पण मोजण्यात सूट देत नाहीत. कार्यक्रम या महिन्याअखेर झाला नाही तर पदवी पुढच्या वर्षावर जाते, आणि त्या पदवीच्या भरवशावर एका शाळेने मला नृत्यशिक्षिका म्हणून घ्यायचं कबूल केलं आहे. शाळा थांबणार नाही, असं त्यांनी फार गोड शब्दांत सांगितलं.

पहिली संधी सोफ्यांच्या दुकानात चालून आली. दुकानदाराला नव्या दालनासाठी गर्दी हवी होती, मला प्रेक्षक हवे होते, आणि बसायची सोय काय, दुकानभर पसरलेली. लोक आले, बसले, आणि उठेनात. माझी रचना वाट बघणाऱ्या एका बाईवर आहे. ती उंबऱ्यात उभी राहून रस्त्याकडे बघते, एवढंच कथानक (बाबा म्हणतात, एवढ्यासाठी चार वर्षं लागली?). मी रस्त्याकडे बघत होते, लोक माझ्याकडे बघत होते, सगळं सुरळीत चाललं होतं. पण एका जोडप्याला सोफा पसंत पडला. नेमका तोच, ज्यावर माझे प्रेक्षक बसले होते. हमाल आले, प्रेक्षकांना अदबीने उठवलं आणि सोफा घेऊन गेले. मग दुसरा गेला. विक्री इतकी जोरात होती, की शेवटी सरांनाही उठावं लागलं. दुकानदार खूश. म्हणाला, ताई, दर रविवारी या.

दुसरी जागा बाबांनी सुचवली: दवाखान्याचा प्रतीक्षाकक्ष. तिथे माणसं मुळात वाट बघतच बसलेली असतात, म्हणजे विषयही जवळचा, आणि नंबर आल्याशिवाय कोणी हलत नाही. शिवाय ते डॉक्टर एका पेशंटला अर्धा अर्धा तास घेतात, अशी त्यांची ख्याती. पण गाणं सुरू झालं आणि भिंतीपलीकडे डॉक्टरांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. ते तालावर पेशंट तपासत सुटले. नर्स दारात येऊन एकेक नंबर पुकारायची आणि माझा एकेक प्रेक्षक उठायचा. बरं, जाताना प्रत्येक जण माझ्याकडे बघून ओशाळं हसायचा, त्यामुळे मलाही त्या विरहिणीच्या चेहऱ्याने मान हलवून निरोप द्यावा लागे. शेवटी पायाला प्लास्टर घातलेले एक आजोबा तेवढे उरले. डोळे पुसत होते. सरांनी त्यांना नियमाप्रमाणे विचारलं, तुम्ही हिचे कोण? ते म्हणाले, ‘आता काय सांगू, माझीच नात समजा.’ सरांनी त्यांना वगळलं.

एवढं सगळं लिहिलं ते केवळ खुशाली कळावी म्हणून. तुम्हाला कसला त्रास द्यावा असं माझ्या मनातही नाही. गुडघ्याला जपा. मामींना नमस्कार.

तुमची भाची

ता. क. तुमच्या पंपांच्या कारखान्यातल्या कॅन्टीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत एका वेळी पन्नासेक माणसं बसतात, आणि ताट अर्धं टाकून कोणी उठलं तर तुम्ही खपवून घेत नाही, असं तुम्हीच सांगत होता ना? माझा नाच जेमतेम एका जेवणाएवढा आहे. येता गुरुवार बरा. सरांना मी ‘हो’ सांगून टाकलं आहे, तेव्हा नाही म्हणायचं असेल तर ते त्यांनाच कळवा. फार भिडस्त आहेत, त्यांना वाईट वाटेल.

आणखी एक. तुम्ही मात्र आत बसायचं नाही. तुम्ही धरले जाणार नाही, ते एक. दुसरं, तुम्हाला रडू येतं. मी पाचवीत स्नेहसंमेलनात झाड झाले होते, तेव्हाही आलं होतं. (झाड नुसतं उभं होतं.) तिथे सगळे तुमच्या हाताखालचे लोक, आणि सर लगेच येऊन विचारणार, तुम्ही हिचे कोण.

आणि हे अगदी शेवटचं. बाबा परवा तुमच्याकडे ‘सहज’ आले होते ना, ते कॅन्टीन बघायलाच. भांडी घासायच्या खोलीच्या दाराला वर काच आहे आणि तिथून सगळं दिसतं, असं ते म्हणाले. ती जागा आईने धरली आहे. तिला जरा सरकायला सांगा, दोघं मावाल.