तिवसाची दांडी

पिंप्राळा, जळगाव
२६ ऑक्टोबर १९९१

ती. हिलालनाना यांस मगनचा नमस्कार.

पत्र पाहून दचकू नका. सात वर्षांत मी दिवाळीचं कार्डही टाकलं नाही, तेव्हा कोणी गेलं की काय, असं वाटेल. सगळे आहेत. सुनंदाचे गुडघे दुखतात. साप्ताहिकातलं माझं टोमण्यांचं सदर चालू आहे आणि अजून तरी कोणी मला धरून मारलेलं नाही. धुरपदाअक्कांना नमस्कार सांगा. तुम्ही धुळ्यात गिरणीच्या दगडांना टाकी लावता, असं कळलं. हे वाक्य मी तीनदा खोडलं.

कुरणावरचं आपलं गवत कापायचं यंत्र आठवतं का? काय पण विचारतोय! आपल्या दूध संस्थेच्या गोठ्यामागे इतकी वर्षं गंजत होतं. नवे मॅनेजर भंगारात द्यायला निघाले, तेव्हा मीच म्हटलं, थांबा. गेले चार रविवार पॅसेंजरनं पाचोऱ्याला जातो. सुरीची तिकोनी पाती काढली, खाल्लेली फेकली, उरलेली तुम्ही दाखवलेल्या उतारानं घासून पुन्हा रिबिटं मारली. फुटलेल्या पेटीच्या जागी दात्यांच्या चाकांची दुसरी पेटी धुळ्याच्या भंगारबाजारात मिळाली. तुमच्या गिरणीपासून दोन गल्ल्यांवर उभा होतो, नाना. आलो नाही.

आता त्या फुटलेल्या पेटीवर येतो. तिच्यासाठीच एवढं पाल्हाळ लावलं.

चाकाचा जोर सुरीपर्यंत नेणारी ती लाकडी दांडी. मोसमात चारदा मोडायची, आणि भांडारातला कारकून म्हणून दर वेळी तिवसाचं लाकूड मी आणायचं. मी चिडवायचो, "नाना, एवढ्या लोखंडात ही काठी कशाला? यंत्र म्हातारं झालं म्हणून?" तुम्ही रंधा न थांबवता म्हणायचात, "हाई दांडी मोडासाठेच शे, मगन. ती मोडनी का बठ्ठं वाचनं." काठी मोडली की बाकी सगळं वाचतं, ही मला अडाणी माणसाची हट्टाची सबब वाटायची.

चौऱ्याऐंशीत तुम्ही थोरल्या भावाच्या दहाव्याला गेलात, आणि मी लोहाराकडून लोखंडी दांडी करून बसवली. तुम्ही आलात की थक्क करणार होतो. बैलही मीच हाकले. दुसऱ्याच फेरीत गवतातला दगड सुरीत अडकला. बैल पुढे, सुरी जागच्या जागी, दांडी वाकेना. पेटी मडक्यासारखी फुटली.

मग मी ती लोखंडी दांडी विहिरीत टाकली आणि दोष तुमच्या काठीवर जावा म्हणून तुमची एक जुनी मोडकी दांडी तिच्या जागी लावून ठेवली. तुम्ही मुंडण केलेल्या डोक्यानं आलात, यंत्राभोवती फिरलात आणि सगळ्यांदेखत विचारलंत, "लाकूड मोडनं, मंग लोखंड कसं मोडनं?" त्या वेळच्या मॅनेजरांना प्रश्न कळला नाही. मला कळला: काठी मोडली असती, तर पेटी फुटलीच नसती. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पुढच्या अंकात 'दांडीबहाद्दर' लिहिलं. तुमचं नाव घातलं नव्हतं, फक्त टोपी, चाल आणि बोली घातली होती. कमिटीनं ते वाचून पोट धरून हसत तुम्हाला कामावरून काढलं. तुम्ही जाताना माझ्याकडे एकदाच पाहिलंत. काही बोलला असतात तर मी त्यावरही लिहिलं असतं, हे तुम्हाला ठाऊक होतं.

गेल्या सोमवारी हे सगळं कमिटीला लिहून दिलं. मीच वाचून दाखवलं. कोणी हसलं नाही. असं वाचन मी आयुष्यात पहिल्यांदा केलं. तुम्हाला परत बोलावण्याचा कागद येईल. यायचं की तो चुलीत घालायचा, ते तुम्ही ठरवा. तुम्हाला काही सांगायचा हक्क मी केव्हाच गमावला.

फक्त एक विचारतो. दांडी मी केली, तिवसाचीच. पहिली बैल जुंपताच मोडली. दुसरी जाड केली. सुरीत मुद्दाम खुंटी अडकवली, तरी मोडेना. पेटी करकरली तेव्हा घाबरून बैल आवरले. किती तासायची, हे कुठल्याच कागदावर नाही. तुम्ही अंगठ्यानं दाबून सांगायचात. गवत पिकलंय, कुसळं गळू लागलीत. आठ दिवसांत कापलं नाही तर गुरं तोंड लावणार नाहीत. पोस्टकार्डावर नुसती जाडी लिहिलीत तरी पुरे. माझ्या हातची दांडी पुन्हा चुकीच्या वेळी टिकेल, याचीच भीती वाटते.

मोडायला हवं होतं तेव्हा न मोडलेला,
तुमचा
मगन